होणाऱ्या विहीणबाईंना माझ्याआधी कळलं

परवा शाळेतल्या एका सहकारी बाईंचा फोन आला. त्यांच्या सासूबाईंना कॅन्सर निघालाय आणि तो बराच पसरलाय. घरात सगळ्यांना माहीत आहे, सासूबाई सोडून. "शोभाताई, तुम्ही यातून जाताय म्हणून विचारते. सांगावं की नको?" मी अशी काही तडकले की बाईंनी घाबरून 'नंतर बोलू' म्हणत फोन ठेवला. त्यांचा काही दोष नव्हता. माझा राग दुसऱ्याच माणसांवरचा होता, तो त्यांच्या अंगावर पडला. म्हणून आता शांतपणे लिहायला बसलेय. शांतपणे म्हणजे जमेल तेवढं.

आधी माझ्याविषयी सांगते. आम्ही नाशिकरोडला राहतो. मी महापालिकेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवायचे. नवरा अरुण एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, शिफ्ट ड्यूटीला. आयुष्यभर मी त्याला अहो-जाहो केलं, आता अरे-तुरे करते. का ते पुढे येईलच. एकुलती एक मुलगी प्रज्ञा, पुण्यात हॉस्टेलवर राहून बी.फार्म करते, तिसऱ्या वर्षाला आहे. मला पित्ताशयाचा कॅन्सर आहे, लिव्हरमध्ये पसरलेला, बरा न होणारा. हे वाक्य मी आता न अडखळता लिहू शकते. पण ते माझ्या घरातल्या प्रत्येकाने माझ्याआधी ऐकलं होतं, आणि एका अशा बाईनेही, जिला मी त्या दिवसापर्यंत एकदाच भेटले होते.

पेढे

जेवण झालं की उजव्या बरगडीखाली दुखायचं. सोनोग्राफीत खडा दिसला. खड्याचं ऑपरेशन म्हणजे आता काही विशेष राहिलेलं नाही, दोन दिवसांत घरी, असं सगळे म्हणाले. मी पोरांचे पेपर तपासायला दवाखान्यात बरोबर नेले होते.

शुद्धीवर आले तेव्हा अरुण उशाशी होता. चेहरा उतरलेला. संध्याकाळी तो म्हणाला, "खड्याबरोबर एक गाठ निघाली. कॅन्सरची आहे, पण पहिल्या स्टेजची. डॉक्टरांनी सगळी काढली. आता खबरदारी म्हणून थोडी केमो घ्यायची, बस."

मी खूप रडले. मग डोळे पुसले आणि विचार केला, शोभा, थोडक्यात वाचलीस. एवढा आनंद झाला की दुसऱ्या दिवशी त्याला पेढे आणायला लावले आणि वॉर्डातल्या सगळ्यांना वाटले. नर्सला दिले, शेजारच्या पेशंटला दिले. अरुणनेही एक खाल्ला, माझ्यासमोर, पूर्ण.

खरं असं होतं की डॉक्टरांनी पोट उघडलं, आत बघितलं आणि परत शिवून टाकलं. काढण्यासारखं काही राहिलं नव्हतं. हे अरुणला आणि नांदगावहून आलेल्या त्याच्या थोरल्या भावाला थिएटरच्या दारातच सांगितलं गेलं. माझ्या या दिरांना मी दादा म्हणते. दोघांनी तिथेच ठरवलं, शोभाला कळू द्यायचं नाही.

तो पेढा मला आजही विसरता येत नाही.

जरा बाहेर बसा

आपल्याकडे एक पद्धत आहे. डॉक्टर तपासतात, गोड बोलतात, आणि मग म्हणतात, "मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसा. साहेब, एक मिनिट." साहेब बराच वेळ आत. बाहेर आले की, "काही नाही, बिलाचं बोलत होते." मी एवढी शिकलेली बाई, दर वेळी बाहेर बाकावर बसून राहिले. शरीर माझं, आणि त्याची बातमी मात्र नवऱ्याच्या हाती. मला ते कधी खटकलंही नाही, कारण मीही सासूबाईंच्या वेळी तशीच आत गेले होते आणि त्या बाहेर बसल्या होत्या.

चौथीतलं पोर खोटं बोलायला लागलं की मला त्याच्या लाल झालेल्या कानांवरून कळतं. शाळेत माझी ख्याती आहे तशी. घरात मात्र मी आंधळी झाले. किंवा मला बघायचं नव्हतं. दोन्ही असेल.

केमोसाठी सकाळी जायचं, सलाईन लावून घ्यायचं, दुपार कलल्यावर परत. पहिले काही दिवस शीरच सापडायची नाही. तिथली एक नर्स गरम पाण्यात बुडवलेला रुमाल हातावर ठेवून थांबायची आणि म्हणायची, "घाई नाहीये मॅडम, येईल वर." त्या सगळ्या काळात माझ्याशी सरळ वागलेली ती एकटीच. तिला काय माहीत होतं, काय नव्हतं, मी विचारलं नाही.

शेजारच्या खाटेवर कळवणकडची एक म्हातारी असायची, सगळे तिला आक्का म्हणायचे. तिच्या मुलाने मला एकदा पॅसेजमध्ये गाठून हात जोडले. "बाई, आईला साधी गाठ म्हणून सांगितलंय. तुम्ही काही बोलू नका." मी मान डोलावली. मनात म्हटलं, बिचारी, अडाणी म्हणून फसवतात तिला. आपल्याला निदान खरं सांगितलंय! मुलगा चहा आणायला गेला तशी आक्का माझ्याकडे वळून म्हणाली, "माले सम्दं ठाऊक शे, बाई. पोऱ्या रडस म्हनीसन मी गप ऱ्हास." आणि कुशीवर वळून झोपली. आक्काचं मन मोठं आहे. माझं तेवढं नाही, हे पुढे कळलं.

तिलाच करायचंय लग्न

दुसऱ्या केमोनंतर प्रज्ञा पुण्याहून आली ती परत जायचं नावच काढेना. कॉलेज सुरू होतं. मी विचारलं तर म्हणाली, "मन लागत नाही तिकडे."

मग एक दिवस दादा नांदगावहून स्थळ घेऊन आले. मुलगा नाशिकचाच, कंपनीत कायम, घरचे सज्जन. मी हसण्यावारी नेलं. "दादा, तिचं शिक्षण व्हायचंय अजून." दादा म्हणाले, "शिकंल की मागून. चांगलं स्थळ हाय, लय दिवस थांबत नसतं." मी अरुणकडे पाहिलं. त्याने मला आतल्या खोलीत नेलं आणि हळूच सांगितलं, "प्रज्ञालाच मुलगा आवडलाय. तिलाच करायचंय लग्न. रागावू नको तिला."

माझा विश्वासच बसेना. आमच्या हॉलमध्ये ज्यांचा फोटो आहे, त्यांनी आम्हाला सगळ्यात आधी काय सांगितलं असेल तर शिका; संघटित व्हा, संघर्ष करा हे त्यानंतर. माझे वडील रेल्वेत खलाशी होते. आम्हा बहिणींना वह्या कमी पडू नयेत म्हणून त्यांनी एकच चप्पल वर्षानुवर्षं शिवून वापरली. त्यांच्या नातीने डिग्री अर्धवट टाकून बोहल्यावर चढायचं? मी प्रज्ञाला समोर बसवून विचारलं. तिने मान खाली घातली. म्हणाली, "हो आई, मला करायचंय."

त्यानंतरचे दिवस मला लिहवत नाहीत, तरी लिहिते. मी तिच्याशी बोलणं टाकलं. बोलले तर टाकून बोलले. "तुला नवऱ्याचीच एवढी घाई असेल तर कर. माझ्यासमोर साड्या पसरू नकोस." माझं डोकं चेपायला आली तर "राहू दे" म्हणून तोंड फिरवलं. केमोने तोंड आलेलं असायचं, त्यात कडू बोलणं. ती ऐकून घ्यायची. कधी उलट बोलली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा, कारण माझी लेक अशी गरीब गाय कधीच नव्हती.

एकाच घरात आम्ही दोघी भिंतीला तोंड करून राहिलो. किती आठवडे, मी मोजत नाही. मोजलं तर सहन होणार नाही.

सोयरिकीत लपवाछपवी नको

मग बोलणी करायला मुलाकडचे आले. मी नवी साडी नेसले, डोक्याला स्कार्फ बांधला, पण थोड्या वेळाने बसवेना, म्हणून आत येऊन पडले. मुलाची आई, सरलाताई, माझ्यामागे आत आल्या. पलंगावर बसल्या, माझा हात हातात घेतला.

"ताई, मन घट्ट ठेवा. पोरीची काळजी करू नका, पोटच्या लेकीसारखी सांभाळू. तुमची इच्छा आहे ना, ती आम्ही पुरी करणार."

मी विचारलं, "कसली इच्छा?"

"तिचं लग्न डोळ्यांनी बघायची. दादांनी सगळं मोकळेपणाने सांगितलं आम्हाला. तेच आवडलं बघा. आजकाल लोक घरचा आजार लपवून सोयरीक करतात. दादा म्हणाले, सोयरिकीत लपवाछपवी नको."

 वर्गात वापरते ती युक्ती आपोआप तोंडून बाहेर आली. पोराकडून खरं काढायचं असेल तर आपल्याला सगळं माहीत आहे असं दाखवायचं. मी म्हटलं, "हो, डॉक्टर तसंच म्हणालेत. तुम्हाला दादा किती दिवस म्हणाले?"

सरलाताईंचे डोळे भरून आले. "दिवाळी दिसली तर नशीब, असं म्हणाले. ऑपरेशनलाच पोट उघडून परत शिवलं ना हो तुमचं. लिव्हरपर्यंत गेलंय म्हणे. एवढं कळूनही तुम्ही इतक्या हिंमतीने बसलात, मी तर…"

पुढचं मी ऐकलं नाही. पंख्याकडे बघत होते. पहिला विचार काय आला सांगू? मरणाचा नाही. असा आला की या बाईला माझ्या पोटाचे टाके कसे घातले ते माहीत आहे आणि मला नाही. दादांना परक्या घराची फसवणूक करायची नव्हती. तेवढे ते प्रामाणिक. फसवायला घरची होतीच.

मी उठले. सरलाताई धरायला आल्या, त्यांचा हात बाजूला केला. हॉलमध्ये सगळे बसले होते, समोर चिवडा, चहाचे कप. मी उभ्यानेच विचारलं, "प्रज्ञा, तुला लग्न करायचंय का?"

तिने अरुणकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे नको बघू. माझ्याकडे बघ."

"आई, तुलाच तर…" ती थांबली. "तुझीच इच्छा होती ना?"

"मी कधी म्हणाले?"

"तू म्हणणार नाहीस असं बाबा म्हणाले होते. वरवर नको म्हणशील, भांडशील, पण मनातून तुला तेच हवंय, म्हणाले. आजाराचं तुझ्यापाशी काढायचं नाही म्हणून शपथ घातली होती तुझी."

"आणि मला सांगितलं की तुलाच मुलगा आवडलाय."

आम्ही दोघींनी एकाच वेळी अरुणकडे पाहिलं. तो हातातल्या कपात बघत होता. दादा उठून पुढे आले. "शोभा, मागून बोलू ना आपण. पाव्हणे बसलेत, नाय का." मी म्हटलं, "दादा, पाव्हण्यांना सगळं आधीपासून माहीतच आहे. आम्हा दोघींनाच काय ते नवीन आहे."

 मुलाने, त्या बिचाऱ्याने, सगळ्यात आधी आपला कप खाली ठेवला आणि वडिलांना म्हणाला, "पप्पा, निघू या." दारात सरलाताई माझ्यापाशी थांबल्या. "ताई, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. मला माफ करा." माफी मागायचं कारण नसलेली ती एकटीच बाई, आणि माफी तिनेच मागितली.

तुझ्यासाठीच

सगळे गेल्यावर अरुण म्हणाला, "तुझ्यासाठीच केलं. तू खचली असतीस, ट्रीटमेंट सोडली असतीस."

"खचले असते की नसते, ते मी बघितलं असतं. तुला कोणी विचारलं होतं?" हे पहिलं अरे-तुरे. ते तोंडून गेलं आणि परत अहो म्हणता आलं नाही.

तो रडायला लागला. म्हणाला, "प्लँटवर अलार्म वाजला की काय करायचं ते माहीत हाय मला. हे नव्हतं माहीत. दादा म्हणाले, पोरीचं उरकून घे, निदान ते तरी तिला बघायला मिळंल. मला वाटलं, तुला काहीतरी चांगलं दाखवावं." नांदगावची बोली त्याच्या तोंडी अशाच वेळी येते. मला त्याची कीव आली. तो रोज सकाळी डबा भरून, हसत, एवढं ओझं एकट्याने घेऊन ड्यूटीला जात होता, हे मला दिसत होतं.

पण माफ केलेलं नाही. सगळे सांगतात, आता किती दिवस राहिलेत, माफ करून टाक. म्हणजे पुन्हा माझ्याच दिवसांवर हक्क सांगायचा. कॅन्सरने मला फसवलं असं मी म्हणत नाही, त्याने मला काही वचन दिलं नव्हतं. या माणसाने दिलं होतं. आणि त्याने मरण लपवलं याहीपेक्षा मला हे जास्त लागतं की त्याने माझ्या तोंडी न बोललेले शब्द घातले आणि ते माझ्या पोरीला दिले. माझ्या हातात जे थोडे दिवस होते, त्यातले कितीतरी मी तिच्याशी भांडण्यात घालवले, आणि ते कोणी भरून देणार नाही.

त्या संध्याकाळी प्रज्ञा माझ्याशेजारी येऊन पडली.  मग म्हणाली, "मला वाटायचं, आई किती भारी ॲक्टिंग करते. मनात लग्नाचे लाडू फुटतायत आणि तोंडाने शिव्या."

मी म्हटलं, "आणि मला वाटायचं, एवढी शिकवली आणि शेवटी पोरगी साडीवर भाळली."

आम्ही हसायला लागलो. टाक्यांची जागा ओढायला लागली तरी हसत होतो. मग ती रडली, मोठ्याने, लहानपणी रडायची तशी, नाक ओढत. म्हणाली, "मी एकटीच रडायचे बाथरूममध्ये. तुला दिसू नये म्हणून नळ सोडून." त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघी एकाच गोष्टीसाठी, एकाच खोलीत रडलो. इतक्या महिन्यांत मला मिळालेलं सगळ्यात मोठं सुख ते होतं, हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल.

आता

पुढच्या वेळी डॉक्टर "साहेब, एक मिनिट" म्हणाले तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच नाही. म्हटलं, "डॉक्टर, पेशंट मी आहे." ते ओशाळले. "नातेवाईकांनीच सांगितलं होतं, सांगू नका म्हणून." नातेवाईक म्हणतात डॉक्टरांनी सुचवलं, डॉक्टर म्हणतात नातेवाईकांनी. पण मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत, माझ्याकडे बघून. केमोने काय होईल, काय होणार नाही, दुखायला लागलं तर काय देता येईल. मी भीतीने गार पडले होते. पण पाय जमिनीवर टेकल्यासारखंही वाटत होतं. जे मनात उगाच आपटत राहायचं त्याला एकदाचं नाव मिळालं.

फोन केलेल्या बाईंना माझं उत्तर हे आहे. सासूबाईंना विचारा, त्यांना किती ऐकायचंय. 'नको' म्हणाल्या तर नका सांगू, तो त्यांचा हक्क. पण विचारण्याआधी तुम्ही ठरवू नका. आणि त्यांच्या नावाने कुठली इच्छा तयार करू नका. माणसाला आपल्या इच्छा असतात.

भीती गेलेली नाही. सकाळी जाग आली की एक क्षण काही आठवत नाही, मग आठवतं. लोक भेटायला येतात, पॉझिटिव्ह राहा म्हणतात, दुधी भोपळ्याचा रस सांगतात. मी आता सरळ सांगते, "मी बरी होणार नाहीये, तुम्ही चहा घ्या." काही जण परत येत नाहीत. जे येतात त्यांच्याशी गप्पा छान होतात. दादा एकदा येऊन गेले, द्राक्षांची पेटी घेऊन. जाताना दारात उगाच घुटमळले. 

आणि मग प्रज्ञाची परीक्षा आली. बुडालेल्या कॉलेजचं तिने कसंबसं मार्गी लावलं होतं, परीक्षेला बसू देणार होते. म्हणजे तीन-चार आठवडे पुण्यात. माझं पोट तोवर फुगायला लागलं होतं, पायांवर सूज होती. तीन-चार आठवड्यांचा अर्थ आम्हा दोघींनाही समजत होता.

दुपारी ती माझ्या पायांना तेल लावत बसली होती. हात थांबवून म्हणाली, "आई, खरं सांग. मी जाऊ की राहू?"

"जा गं, मी काय कुठे पळून जातेय" हे वाक्य तोंडात तयार होतं. किती सहज तयार होतं! तिच्या भल्यासाठी, तिला वाईट वाटू नये म्हणून. अरुणच्याही तोंडात असंच आयतं आलं असेल थिएटरच्या दारात. मी ते गिळलं.

म्हटलं, "राहावंस असं वाटतं. तू तिकडे असताना काही झालं तर, याची मला फार भीती वाटते. आणि तरी तू जावंस असंही वाटतं. दोन्ही खरं आहे. आता तू सांग."

तिने तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं. बोटांना तेल तसंच.

"मला जायचंय," ती म्हणाली. "पेपर द्यायचेत. आणि असं वाटतं याची मला लाज वाटते."

आत कुठेतरी तुटलं. आणि त्याच वेळी, त्या सगळ्या कडू आठवड्यांत मी जे एक वाक्य तिच्या तोंडून ऐकायला तडफडत होते, ते मला ऐकू आलं. माझी पोरगी बोलत होती, कोणी पढवलेलं नव्हतं.

"लाज कसली त्यात," मी म्हटलं. "ऊठ, हात धू. कपाटातून कपडे काढ, बॅग भरू आपण."